ल्याओ गुरूंची थांबलेली नाडी

देवळाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या स्टुलांवर अख्खी पेठ बसलेली, उदबत्त्यांचा धूर, आणि मधोमध रेशमी झग्यातले ल्याओ गुरू.

"माझं रक्त देवानं थांबवलंय!" ते गरजले. "मनगट धरून बघा! रक्ताविना जगतो मी, तुमची दुखणी कुठली टिकणार? मंतरलेल्या राखेचं पाणी प्या, ऑपरेशनं विसरा!"

"अगं पेइ-युन," छाई मावशी ओरडली, "तू हृदयाची सोनोग्राफी शिकतेस ना? बघ की यंत्रानं!"

पेइ-युनच्या पिशवीत सरावाचं छोटं यंत्र होतं. रक्त वाहत असलं की त्यातून फुसफुस ऐकू येते. तिनं ते गुरूंच्या मनगटावर टेकवलं. काहीच नाही. सगळी पेठ तिच्याकडे बघत होती. शिकाऊ मुलीला असा मान कधी मिळतो? ती ऐटीत म्हणाली, "रक्त वाहत नाहीये."

अंगण दणाणलं.

दुसऱ्या दिवशी पेइ-युनच्या आईनं स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन रद्द केलं.

"आई, हृदयाची झडप अरुंद झालीय तुझी!"

"तूच तर चारचौघांत सांगितलंस. की तेव्हा खोटं बोललीस?"



सरावाच्या वर्गात विद्यार्थीच एकमेकांचे रोगी होतात. त्या आठवड्यात पेइ-युन मैत्रिणीच्या मनगटातली धमनी शोधत होती. पडद्यावर लाटच उमटेना.

"मेली का ती?" वर्ग घेणाऱ्या को बाईंनी मागून विचारलं. वर्ग हसला.

"नाही बाई."

"मग मनगटाला काय चिकटून बसलीस? रक्त हृदयातून येतं. तिथून खाली ये, कुठं अडलंय ते शोध."

काखेपाशी शोध संपला. बाईंनीच मैत्रिणीला तिथं कडक चेंडू दाबायला लावला होता. चेंडू काढताच मनगटात लाट उसळली.

पेइ-युनचे कान तापले. गुरूंचा तो हात अंगाशी आवळलेला तिला दिसला होता. दिसूनही तिनं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ती आईला घेऊन पुन्हा देवळाच्या अंगणात, गुरूंच्या भरल्या सभेत उभी राहिली. नैवेद्याच्या ताटातला कच्चा पेरू उचलून तिनं काखेत दाबला आणि हात आईपुढं केला. "नाडी बघ."

आईनं चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. "लागत नाही गं!"

"मग मलाही प्यायचंय का राखेचं पाणी?" पेइ-युननं काख सैल केली, पेरू खाली पडला. "आता?"

"लागली!"

"त्यानं फसवलं, आई. पण शिक्का मी मारला. सगळ्यांसमोर मारला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय. माझं चुकलं."

"देवाचा कोप होईल!" गुरू किंचाळले.

"होऊ दे," छाई मावशी उठली. "आधी हात वर करा, महाराज." दोघींनी मिळून गुरूंचा हात वर केला. झग्यातून लाकडी गोळा टणकन फरशीवर पडला.

दुसऱ्या दिवशी आईनं स्वतःच इस्पितळात जाऊन ऑपरेशनची नवी तारीख घेतली. ऑपरेशनच्या दिवशी पलंगावर झोपून आईनं हात पुढं केला. "बघ नाडी. आणि काखेतही बघ हो, डॉक्टरीणबाई."

पेइ-युन हसली नाही. तिनं दोन्ही काखा खरोखर तपासल्या.

देवाला हात जोडायचे तर जोडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर मान डोलावण्याआधी त्याला एकदा हात वर करायला सांगा.