परवान्यासाठी घेतलेला मिक्सर

मी मिक्सर बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, तो माझा लांबचा, नाजूक नातेवाईक. मी बांधकामावरचा. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी पोटात घ्यायचं, गरगरा फिरायचं आणि काँक्रीट ओतून मोकळं व्हायचं, एवढंच माझं आयुष्य. एका वेळी सिमेंटची एकच गोणी मला पचते, म्हणून मला एका गोणीचा मिक्सर म्हणतात.

कारखान्यात आम्ही सगळे पिवळेधमक रंगून रांगेत उभे होतो. कुणीतरी आपल्याला कामासाठी घेऊन जाईल, असं मला वाटायचं. पण मला नेलं ते दाखवण्यासाठी.

त्याचं असं झालं. माझा मालक मूळचा गवंडी. दुसऱ्यांच्या हाताखाली थापी चालवून त्याचे केस पिकायला लागले, तेव्हा त्यानं स्वतः ठेकेदार व्हायचं मनावर घेतलं. शहर लहान. खाजगी घरं वर्षाला चार-दोन निघणार. पोट भरायचं तर सरकारी कामं हवीत. सरकारी कामांना परवाना हवा, आणि परवान्यासाठी स्वतःच्या मालकीचं यंत्र हवं, असा नियम. म्हणून गाठीला होतं ते सगळं मोडून त्यानं मला आणलं. एक साहेब आले. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, पोटात डोकावून पाहिलं, चहा घेतला आणि गेले. मालकाला परवाना मिळाला. सगळ्यात खालच्या वर्गाचा, पण मिळाला.

ठेकेदार झाला तरी लोक त्याला मिस्त्रीच म्हणत. मिस्त्री, त्याची बायको आणि मुलगी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. मागच्या अंगणात पत्र्याखाली माझी जागा. साऱ्या शहराला घरं बांधून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर नव्हतं. शहराबाहेर एक छोटा प्लॉट मात्र त्यानं घेऊन ठेवला होता. बायको विचारायची, आपल्या घराचा पाया कधी? तो म्हणायचा, हे एवढं काम हातावेगळं होऊ दे. असं एवढं एवढं करत बरीच कामं हातावेगळी झाली.

ते दिवस बरे होते. शाळेच्या आवाराची भिंत, पाण्याच्या टाकीचा चौथरा, बाजारातले गाळे, सगळं माझ्या पोटातून गेलं. संध्याकाळी काम संपलं की मिस्त्री स्वतः मला आतून धुवायचा. बायको म्हणायची, पोरीला अंघोळ घालतानासुद्धा तुम्ही इतकं कधी चोळलं नाहीत.

मग बाजार फिरला. लोखंड आणि सिमेंट महाग होत गेलं, आणि टेंडरांचे दर मात्र खाली उतरत गेले. मोठ्या शहरातली एक कंपनी आली. तिच्या अवाढव्य गाड्या तयार काँक्रीट पोटात घोळवतच यायच्या. मिस्त्री आठवड्यात करायचा ते काम त्या दुपारच्या जेवणाआधी उरकायच्या. उरलेल्या कामांवर सगळे छोटे ठेकेदार तुटून पडले. जो सगळ्यात कमी दर बोलेल त्याला काम. कुणी नफा सोडून बोलायचं, कुणी मजुरी सोडून, आणि कुणी आणखी काही सोडून.

त्यात परवान्याचे नियम वाढले. ठराविक काळात एखादं सरकारी काम पूर्ण केलेलं दाखवायचं. आपली पत आहे असं सिद्ध करणारा ऐपतीचा दाखला जोडायचा. आणि पदवीधर इंजिनिअर नेमायचा. कामावर त्याची सही लागेल. या शेवटच्या नियमाचं मिस्त्रीला भय नव्हतं. त्याची मुलगी नुकतीच इंजिनिअर झाली होती. बाकीचे ठेकेदार सहीसाठी दारोदार फिरतायत आणि माझ्या घरात सही जेवायला बसते, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

परवाना संपत आला आणि दाखवायला काम नव्हतं, तेव्हा दवाखान्याच्या नव्या दालनाचं टेंडर निघालं. मिस्त्री इतका खाली बोलला की कंपनीची माणसंही चमकली. काम मिळालं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, यात सुटेल का काही? तो म्हणाला, परवाना सुटणार नाही, एवढं बघ.

पाया भरून झाला आणि सिमेंट पुन्हा महागलं. खांब भरायच्या दिवशी मिस्त्री माझ्यापाशी आला. मला चालवणाऱ्या माणसाच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि पाठ वळवून उभा राहिला. त्या दिवसापासून गोणीमागे वाळूची घमेली वाढली. पाणी वाढलं. माझ्या पोटात घट्ट लगदा फिरायचा, तिथं पातळ काहीतरी खळखळायला लागलं.

मुलगी तेव्हा दुसऱ्या साइटवर नोकरी करायची. ती आठवड्यानं आली. खांबांच्या फळ्या नुकत्याच काढल्या होत्या. तिनं एका खांबावर हातोडी ठोकली, कान लावला, मग कोपरा नखानं खरवडला. वाळू सुटून तिच्या चपलेवर पडली. ती पुढच्या खांबाकडे गेली. मग त्याच्या पुढच्या.

"बाबा, मी सही नाही करणार."

मिस्त्री माझ्या चाकावर बसला होता. तिथूनच त्यानं समजावलं. बाजारात भाव हाच चाललाय. याच्यावर बोललो असतो तर काम दुसऱ्यानं नेलं असतं आणि त्यानंही हेच केलं असतं. एवढ्याशा एकमजली इमारतीला काय होतंय?

"इथं आजारी माणसं झोपणार आहेत," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"मग मला कशाला शिकवलंत?"

मिस्त्री उठून पायीच घरी गेला. मजूर एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले.

संध्याकाळी मला ओढून अंगणात परत आणलं, तेव्हा घरात काय चाललंय ते मला खिडकीतून ऐकू आलं. बोलत होती ती आई.

"तेवढी एक सही केली असतीस तर काय आकाश कोसळलं असतं?"

"आकाश नाही, आई. स्लॅब कोसळला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं घण मागवले आणि सगळे खांब फोडायला लावले. कुणाशी चर्चा नाही, की मुलीशी एक शब्द नाही. ते नव्यानं भरायला पैसा कुठून आणायचा, तर प्लॉट विकला. पुन्हा मी घट्ट काँक्रीट कालवलं. गोणी पुरती, पाणी मोजकं. खांब असे उभे राहिले की हातोडी मारली तर हाताला झिणझिण्या याव्यात. मुलीनं सही केली. पण मुदत उलटली होती, म्हणून बिलातून दंड कापला गेला.

मला वाटलं, आता तरी सगळं सुरळीत होईल. पण नूतनीकरणाच्या वेळी ऐपतीचा दाखला मागितला, आणि मिस्त्रीची ऐपत म्हणजे तो प्लॉटच होता. काम चोख होतं, सही खरी होती. दाखला मिळाला नाही. परवाना गेला.

मुलीनं दुसऱ्या गावी नोकरी धरली. जाताना ती अंगणात आली होती. मिस्त्री मोडक्या पाट्या रचत होता. तिनं त्याला सांगितलं की दर महिन्याला पैसे पाठवीन. तो म्हणाला, आईला विचार. आई दारात आलीच नाही.

आता मिस्त्री त्याच कंपनीत मुकादम आहे. त्यांची टोपी डोक्यावर घालून तो त्यांच्या गाड्या मागे-पुढे घ्यायला हात दाखवतो. मी पत्र्याखाली आहे. परवाना गेल्याचं कळलं त्या दिवशी एका कुंपणाचं किरकोळ काम चालू होतं. मिस्त्री तसाच उठून गेला आणि मला धुवायचं राहिलं. ते काँक्रीट माझ्या पोटात दगड होऊन बसलंय. आता त्याला छिन्नीही लागत नाही.

काल घरमालकानं जागा मोकळी करायला सांगितली. आज भंगारवाला येऊन गेला. यंत्र चालतं का, असं त्यानं विचारलं. मिस्त्रीनं हँडल मारलं, आणि इतक्या दिवसांनी माझं इंजिन धडधडलं. मी रिकामाच फिरायला लागलो, आतल्या दगडाच्या वजनानं एका बाजूला हिसके खात. बायको दारात येऊन उभी राहिली. बंद करा, शेजारी ओरडतील, असं ती म्हणेल असं मला वाटलं. ती चौकटीला टेकून ऐकत राहिली. भंगारवाला पुरे म्हणाला तरी मिस्त्रीनं मला थोडा वेळ फिरू दिलं.

उद्या मला तोडतील. जाण्याआधी तुम्हाला एकच सांगतो. तुम्ही घर बांधायला काढाल, चार ठेकेदार दारात येतील, आणि त्यातला एक सगळ्यात कमी भाव सांगेल. त्याला नाही म्हणू नका. त्यालाही पोट आहे. फक्त त्याला बसवून घ्या, पाणी द्या आणि विचारा, की बाबा रे, यातून तू काय कमी करणार आहेस? मिस्त्रीला हे कुणी विचारलंच नाही.