आईला काय हाक मारता?

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. लोकांना वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, नोंदवून देणारी ती कंपनी. आणि पासवर्ड हरवलेल्यांची गाऱ्हाणी ऐकणं हे ताईचं काम. दिवसभर कानाला फोन आणि मनात देवाचं नाव.

त्या दिवशी सकाळी एका खात्यासाठी फोन आला. माणूस बोलायला असा, की जिभेवर साखर पेरलेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी ताईने खात्यावरचा गुप्त प्रश्न विचारला : आईला काय हाक मारता?

"आईला आईच म्हणणार, मावशी थोडीच?" तो हसला.

पडद्यावर उत्तर वेगळं होतं. ताईने नकार देताच फोन आपटला गेला.

मग तिचे साहेब, अण्णा, यांनी ते खातं उघडून पाहिलं. ते डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायची मागणी कुणीतरी आधीच टाकून ठेवली होती. आज ऑफिस बंद व्हायच्या आत मालकाने स्वतः खात्यात शिरून 'नाही' म्हटलं नाही, तर पत्ता गेलाच म्हणायचा. आणि मालकाला कळवावं कसं? नोंदलेला ई-मेल, फोन, दोन्ही कधीच बंद पडलेले.

"उत्तराला तीनच संधी," अण्णा म्हणाले. "एक त्या गोडबोल्याने खाल्ली. आणि ताई, खरा मालक आला तरी उत्तराचा वास लागू द्यायचा नाही. चोर काय पाटी लावून येतो?"

दिवस कलला. ऑफिस बंद व्हायच्या सुमाराला फोन वाजला. आवाज घोगरा, भेदरलेला.

"मॅडम, माझं खातंच उघडत नाहीये. मी कानाची यंत्रं दुरुस्त करतो. म्हातारी माणसं याच पत्त्यावर मला शोधतात हो. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, लिहूनच कळवतात. हा पत्ता गेला तर ती कुणाच्या दारात जाणार?"

ताईने प्रश्न विचारला.

"आई," तो लगेच म्हणाला.

ताई म्हणाली, "उत्तर चुकलं. आता एकच संधी आहे."

सकाळच्यानेही हेच उत्तर दिलं होतं. त्याचाच जोडीदार तर नसेल? रडका आवाज काढायला कितीसे कष्ट पडतात? पण खरा असेल तर? घड्याळाकडे बघवेना.

"चुकलं कसं? आईला आई नाही तर..." तो गोंधळला. तेवढ्यात त्याच्या मागे भांडं पडलं आणि एका म्हातारीचा आवाज आला, "कोण आलंय रे?"

"कोणी नाही! मी फोनवर आहे!" तो ओरडला.

"कोण वर आहे?"

"अगं वहिनी, फोन, फोन! तू बस बघू खाली!"

पडद्यावर तोच शब्द होता. वहिनी.

माणूस खरा होता, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. देवाला म्हणे कुठल्याही नावाने हाक मारा, तो ओ देतो. यंत्राला मात्र नेमकी अक्षरं लागतात. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तिने ओठ घट्ट मिटले, मनातल्या मनात हात जोडले आणि म्हणाली, "घाई करू नका. प्रश्न पुन्हा वाचते. आईला... काय... हाक... मारता?"

पलीकडून एक लांब सुस्कारा आला.

"वहिनी," तो म्हणाला. "अहो, धाकटे काका तिला वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून आम्ही भावंडंही म्हणायला लागलो. जन्मात कधी आई म्हटलं नाही हो तिला. ऑफिसातून विचारलं म्हणून शहाण्यासारखं आई म्हणालो."

खातं उघडलं. नवा पासवर्ड त्याने स्वतःच घातला, मागणीवर 'नाही' दाबलं, आणि पडद्यावरची धोक्याची लाल पट्टी गेली. फोन ठेवल्यावर ताईच्या लक्षात आलं, अण्णा केव्हाचे मागे उभे होते.

"प्रश्न इतका हळू वाचतात का गं?"

"नीट दिसलं नाही, अण्णा. चष्मा घरी राहिला."

"मग नाकावर काय आहे?"

ताईने नाकाला हात लावला आणि मान खाली घातली. मग चाचरत विचारलं, "अण्णा, तुम्ही आईला काय म्हणायचात?"

"ते तुला कशाला सांगू?" अण्णा म्हणाले, आणि दिवे मालवायला गेले.