माझं तोंड कोणी फोडलं

मी भोंगा बोलून राहिलो. बोलायची हौस नाही मला. उभा जन्म ओरडण्यात गेला, आता तरी गप्प राहू द्यावं की नाही? पण रिछाईच्या या कारखान्यात नवा माणूस आला की माझ्याखाली उभा राहतो अन् विचारतो, याचं तोंड काहून फुटलं? मग कोणी म्हणतो माकडानं पाडला, कोणी म्हणतो वीज पडली. साफ खोटं. एकदाच सांगतो, नीट ऐका.

मी लोखंडाचा. पत्र्याचं रुंद तोंड, पोटात मोटर. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात माझी नोकरी होती, जिथे तोफांचे भाग बनायचे. पाळी सुरू झाली की ओरडायचं, सुटली की ओरडायचं. शाळा मी पाहिली नाही. मला एकच अक्षर येतं, पण ते अर्ध्या शहराला ऐकू जायचं.

माझ्या आवाजावर सायकली धावायच्या. त्यातल्या एका सायकलवर मालक असायचा. तेव्हा तो मालक नव्हता, दीक्षितपुऱ्यातला साधा फिटर होता. तो रिटायर झाला त्याच साली मलाही काढलं. भंगारात माझ्या अंगावर फुटकी पिंपं पडली होती, पुढे भट्टी दिसत होती. मालकानं मला ओढून बाहेर काढलं. म्हणाला, "याच्या आवाजावर माझी जिंदगी गेली. याला मी जळू देणार नाही."

ते मी विसरलो नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

रिछाईत त्यानं बामचा कारखाना काढला. मेण अन् तेलं कढईत उकळायची, डब्यांत भरायची. सगळ्यात शेवटी पडायचा घरचा अर्क. मालकाच्या बापाकडून आलेला तो. मालक दीक्षितपुऱ्याच्या घरी दार लावून एकटाच बनवायचा. त्यांच्या घरची रीत अशी, की अर्कात काय पडतं ते बापानं मरताना थोरल्या लेकाच्या कानात सांगायचं. बायकोला नाही, सुनेला तर नाहीच. मालक ठणठणीत होता, म्हणून लेकाला, अमेयला, काही ठाऊक नव्हतं. माणसं कुलपं कशाकशाला लावतील, सांगता येत नाही बाप्पा.

अमेयची बायको विनता. केमिस्ट्री शिकलेली, कमी बोलणारी. तिनं कॉम्प्युटर आणला. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालात काय काय पडतं ते भरायचं, अन् त्यावर नियम लावायचे. ही वस्तू एवढीच, ती वस्तू नाहीच. नियम मोडला की डब्या भरायचं यंत्र बंद, अन् मी सुरू. माझी तार तिनंच त्याला जोडून घेतली. इतक्या वर्षांनी काम मिळालं म्हणून मीही खूश होतो, खोटं काहून बोलू?

पहिला नियम तिनं लहान मुलांच्या बामचा लावला. ज्या डबीवर बाळाचं चित्र, त्या डबीत कापूर शून्य. तान्ह्या लेकराला कापूर लागला तर आकडी येऊ शकते, हे तिनं सगळ्यांना जमवून सांगितलं. मालकही तिथंच उभा होता. त्यानं मान हलवली.

मग ती अर्कापाशी अडली. विचारलं, "बाबा, यात काय काय आहे?"

"घरचं आहे. घरचंच लिही."

अमेय म्हणाला, चलो, विषय वाढवू नको, पुढचं भर. शेवटी तिनं 'घरचा अर्क' एवढंच भरलं. नियमानं ते पाहिलं, त्यात कापूर कुठं दिसला नाही, जाऊ दिलं. मी गप्प राहिलो. मला वाजवलंच नाही, तर मी कसा वाजू?

कढईवर तुळशीराम असायचा, गढा मोहल्ल्यातला. बाळांच्या बामच्या पहिल्या मालातली एक डबी त्यानं नातीसाठी घरी नेली. शकु तिचं नाव, अजून धड चालत नव्हती. सर्दी झाली म्हणून आजीनं छातीला अन् नाकाखाली बाम चोळला. पोरीचे डोळे वर गेले. दात दातांवर बसले, मधे जीभ सापडली, तोंडातून रक्त आलं. दवाखान्यात नेईपर्यंत तिला परत परत आकडी येत राहिली.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम आला तो काम करायला नाही. अमेयची गचांडी धरून त्यानं त्याला भिंतीवर आपटलं. नाक फुटलं, शर्ट लाल झाला. तुळशीराम आवाज न चढवता म्हणाला, "छोटे भैया, पोरीच्या अंगाला काय लावायला दिलं तुम्ही?"

अमेय नाक दाबून म्हणाला, "भोंगा वाजला नाही. भोंगाच खराब आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. मालकानंही पाहिलं. अन् म्हणाला, "जुनाच आहे तो. भंगारातला."

ज्यानं मला भंगारातून काढलं, तोच हे बोलला.

विनतानं माझी तार तपासली, मला वाजवून पाहिलं. मी असा ओरडलो की छपरावरची कबुतरं उडाली. ती खुर्चीवर बसली अन् तिनं नवा नियम लावला. ज्या वस्तूच्या आत काय आहे ते भरलेलं नाही, ती वस्तू कोणत्याच मालात चालणार नाही.

पुढच्या सकाळी बाळांच्या बामची दुसरी कढई उकळून राहिली होती. अर्क पडलेला. बाहेर गाडी उभी. तुळशीराम दवाखान्यातून येऊन दारात थांबला होता. अमेयनं बटण दाबलं. यंत्र बंद, मी सुरू. कान फाटले सगळ्यांचे, तरी मी थांबलो नाही.

"नियम काढ," मालक सुनेला म्हणाला.

"अर्कात काय आहे ते सांगा बाबा. नाहीतर मी काढत नाही."

मालकानं मोठा पाना उचलला, शिडी लावली अन् वर चढला. पहिला घाव माझ्या तोंडावर. पत्रा आत गेला. दुसऱ्या घावात कड फाटली. तिसरा, चौथा, मग मीही मोजले नाहीत. ज्या हातांनी ओढून काढलं होतं, तेच हात. मी ओरडतच राहिलो. मग तो माझी तार उपटायला वळला. विनता शिडीवर चढली होती, तिनं तारेवर हात ठेवला. पाना तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलं ते माझ्या आवाजातही ऐकू आलं.

तुळशीरामनं मालकाला शिडीवरून खेचलं. दाणकन पडला म्हातारा. त्याची मान धरून तुळशीरामनं त्याला कढईवर वाकवलं. उकळत्या मेणाचा शिंतोडा गालावर उडाला, कातडी तिथल्या तिथं पांढरी पडली. अमेय धावला, त्याला कोपर बसलं, तो परत आडवा.

"बडे बाबू," तुळशीराम म्हणाला, "आता चाखूनच सांगा, आत काय आहे."

"तुळशीराम, सोडा त्यांना." विनता खाली उतरली होती, मोडका हात छातीशी धरून. "शकु जगली आहे. या कढईतला बाम अजून कोणाच्या लेकराला लागलेला नाही. त्यांना बोलू द्या."

त्यानं सोडलं. मालक फरशीवर बसला. सुनेचा हात नको त्या बाजूला लोंबून राहिला होता, ते त्यानं पाहिलं. ती कॉम्प्युटरपाशी गेली. डाव्या हातानं लिहायला बसली.

"बोला, बाबा."

ओव्याचं फूल, तो म्हणाला. तिनं भरलं. अर्काच्या आतलं काही दिसलं म्हणून नव्या नियमाचं समाधान झालं अन् मी गप्प झालो. पुदिन्याचं फूल. निलगिरी. लवंगेचं तेल. अमेयला वाटलं सुटलो, तो बटणाकडे सरकला.

"झालं?" विनतानं विचारलं.

मालकानं गालावर थिजलेलं मेण नखानं काढलं. मग म्हणाला, "कापूर. अर्ध्याहून जास्त. तू नियम सांगितला तेव्हाच मला कळलं होतं. पण बापानं दिलेलं आहे, त्यानं काय होणार, असं वाटलं."

तिनं कापूर लिहिला, अन् मी वाजलो. या वेळी तिच्या पहिल्या नियमानं. फाटक्या तोंडातून चिरका, खरखरता आवाज निघाला. तो ऐकून तुळशीराम दारात बसला अन् रडला.

ती कढई फेकली. दुकानांत गेलेल्या डब्या परत आणल्या. बाळांच्या बाममध्ये आता अर्क पडत नाही. शकु गढ्याच्या गल्लीत पळते, जिभेवर व्रण आहे. विनताच्या मनगटात स्टीलची पट्टी बसवली आहे, पावसाळ्यात ठणकते. मालक गढ्याला गेला, तुळशीरामच्या उंबऱ्यावर डोकं टेकवून आला. सुनेपुढे हात जोडले. अमेयनंही एकदा शिडी चढून माझ्या तोंडावरची धूळ पुसली, पुटपुटला काहीतरी. तेवढं मला पुरलं.

नवा भोंगा आणू म्हणाले होते. विनतानं आणू दिला नाही. म्हणून मी अजून इथंच आहे. वाजलो की म्हातारा खोकल्यासारखं वाटतं, पण वाजतो. एवढंच सांगणं आहे तुम्हाला, की मी ओरडलो तर पाना शोधू नका. कढईत पाहा.

खंडेनवमीला मालक सगळ्या अवजारांना कुंकू लावतो. कढईला लावलं, वजनकाट्याला लावलं, त्या पान्यालासुद्धा लावलं अन् वर झेंडू ठेवला. मग माझ्याखाली आला. हातात फूल होतं. मान वर केली नाही. फूल शिडीच्या पायरीवर ठेवून निघून गेला.

फूल नको मला. मी भंगार नाही अन् मी खराब नव्हतो, एवढं वर पाहून म्हणावं त्यानं. इथवर त्याला मालक म्हणालो, त्यानं भट्टीतून वाचवलं होतं म्हणून. आता नाव घेतो. माझी माफी अजून बाकी आहे, अन् ती मागायची आहे विष्णुपंत पिंपळखुट्यानं.