पेडलचे जावळ

रोसबेल तुआनामाचे गिटारचे एको पेडल शेजारून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षेमागे एकदा गुरगुरत असे. पेरू देशातल्या आमच्या पुकाल्पात रस्त्यावर माणसांपेक्षा रिक्षा जास्त, त्यामुळे ते जवळजवळ सतत गुरगुरत असे.

पेडल दुकानातले सर्वांत स्वस्त होते, काळ्या प्लास्टिकचे. आवाज मात्र झकास. त्यावर पाय दिला की गिटारचा सूर नदीच्या पलीकडच्या काठाला शिवून परत आल्यासारखा वाटायचा आणि ऐकणाऱ्यांची कंबर आपोआप हलू लागायची. 'लॉस सुंगारोस' हा आमचा कुंबिया नाचगाण्यांचा बँड त्या आवाजावरच ओळखला जाई. पण प्लास्टिक काहीच अडवत नाही. रिक्षेच्या प्लगमध्ये ठिणगी पडली की तिचा खरखराट हवेतून पेडलमध्ये शिरायचा आणि स्पीकरमधून 'तर्रर्र' करत बाहेर यायचा. त्यात वरच्या झाकणाची बिजागरी तुटलेली. रोसबेलने ती सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधून टाकली होती.

मे महिन्यातल्या एका लग्नात गायिका सारेला पिंची हिने गाणे अर्ध्यावर थांबवले. बँड तिला वडिलांकडून मिळालेला. स्पीकर तिचे, आणि सगळ्यांचे जांभळे सदरेही तिनेच शिवलेले.

"रोसबेल, नवरीच्या बापाला वाटलं, तू त्याच्यावर गुरगुरलास."

"मी नाही, पेडल."

"लोकांना पेडल दिसत नाही, तू दिसतोस. सान हुआनच्या जत्रेला अख्ख्या गावाच्या रिक्षा नदीकाठी लागतात. तिथे हे पुन्हा गुरगुरलं, तर तुझ्या सगळ्या सुरावटी कीबोर्डवर जातील. तू मागे उभं राहून ताल धरायचा."

त्या सुरावटी रोसबेलने स्वतः बांधलेल्या होत्या, काही तर सारेलाचे वडील गात असतानाच्या. मागे उभे राहून त्या दुसऱ्याच्या बोटांतून ऐकायच्या, हे त्याला सोसणारे नव्हते. घरी येऊन त्याने बायकोला, इसोलिनाला, सगळे सांगितले.

"मग त्याला चांगलं घर दे," ती म्हणाली. "तुला नाही का मी दिलं?"

उपाय रोसबेललाही ठाऊक होता: पेडलचे पोट काढून धातूच्या डब्यात बसवायचे. वायरमन भिंतीत वायरी जोडायला बसवतात तसला एक पत्र्याचा डबा त्याने आणला. पुठ्ठ्यावर जुन्या पेडलच्या बटणांचा नकाशा काढला, तो डब्यावर चिकटवला आणि ड्रिलने भोके पाडली. दोन भोके गिटारच्या वायरींसाठी, बाकीची बटणांसाठी आणि पायाने दाबायच्या जाडजूड खटक्यासाठी. ड्रिलचा आवाज ऐकून शेजारचा वाग्नेर शुपिंगावा कुंपणावरून डोकावला. वाग्नेर रिक्षा रंगवतो. त्याच्या हातून न गेलेली रिक्षा आमच्या भागात सापडणे कठीण.

"नुसता पत्रा?" वाग्नेर म्हणाला. "रंग नाही?"

"आत काय आहे ते महत्त्वाचं."

"हे माणसाबद्दल बोल. पत्रा या हवेत गंजून जाईल. आणि याचा पाद्रिनो कोण?"

"कसला पाद्रिनो? पेडल आहे ते."

"वा रे वा! माझ्या रिक्षेला धर्मबाप आहे. कोपऱ्यावरच्या मासेवालीच्या फ्रीजरला आहे. आणि ज्याच्या जिवावर तू नाचवतोस लोकांना, ते अनाथ? दे इकडे तो डबा."

अशा प्रकारे पेडलला धर्मबाप मिळाला. बाप रोसबेल, धर्मबाप वाग्नेर. म्हणजे त्या क्षणापासून दोघे एकमेकांचे कोंपाद्रे झाले. कोंपाद्रेशी आमच्याकडे भांडत नाहीत. शेजाऱ्याशी भांडतात, भावाशी तर भांडतातच, कोंपाद्रेशी नाही.

डबा परत आला तेव्हा तो पिवळाधमक झाला होता. वर गुलाबी-हिरव्या चकचकीत अक्षरांत नाव होते: हुआनितो, म्हणजे छोटा हुआन. रंगाचे थर भट्टीत भाजून दगडासारखे कडक केलेले. रोसबेलने डबा उलटा केला आणि पाहतच राहिला. आतूनही रंग होता. डब्याच्या पोटात आमच्या नदीतला, रात्री माणूस होऊन नाचायला येतो म्हणतात तो गुलाबी डॉल्फिन गिटार वाजवत होता. डोक्यावर रुबाबदार टोपी, आणि गिटारची वायर जिथून आत येणार त्या भोकाभोवती ती टोपी अशी काढलेली, की भोक म्हणजे टोपीवरचा बिल्लाच वाटावा.

"आतलं कोण बघणार, कोंपाद्रे?"

"देव," वाग्नेर म्हणाला. "आणि पुढचा मेकॅनिक."

रोसबेलने मन लावून काम केले. जुन्या प्लास्टिकमधून सर्किटची हिरवी पट्टी अलगद सोडवली, तोकड्या वायरी कापून लांब जोडल्या, पट्टीमागचे सोल्डरचे डाग पत्र्याला टेकू नयेत म्हणून खाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा घातला. डॉल्फिनचा चेहरा झाकला जाणार नाही याचीही काळजी घेतली. मग घरात लावून पाहिले. गुरगुर नाही, खरखर नाही. तो निर्धास्त झाला. गल्ली त्या आठवड्यात पाण्याच्या पाइपसाठी खणलेली होती आणि एकही रिक्षा आत येत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

जत्रेच्या आधीच्या रविवारी अंगणात बाप्तिस्मा झाला. तोवर गल्लीतला चर बुजला होता. इसोलिनाने पानात बांधलेला भात, म्हणजे हुआने, टोपलीभर उकडले होते. सारेलाही आली, कारण बोलावणे धाडल्यावर बाप्तिस्म्याला नाही म्हणत नाहीत. वाग्नेरला नव्या रिक्षेवर फोडतात तशी बिअरची बाटली डब्यावरच फोडायची होती.

"आत वीज आहे," रोसबेल म्हणाला.

"थोडीशी फोडतो."

"बाटली थोडीशी फुटत नाही, कोंपाद्रे."

शेवटी बाटली रिबिनीने पेरूच्या फांदीला टांगली, हातोडीने बादलीवर फोडली आणि वाग्नेरने पानाने चार थेंब डब्यावर शिंपडले. "हुआनितो," तो गंभीरपणे म्हणाला, "मोठा हो, गोड बोल, आणि बापाला खाली बघायला लावू नकोस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोसबेलने गिटार अडकवली, खटका दाबला. पहिला सूर कुंपणापार जाऊन परत आला. सारेलाची मान हलली.

तेवढ्यात गल्लीतून रिक्षा गेली. 'तर्रर्र.'

"बाप्तिस्म्याला पोरं रडतातच!" मासेवाली ओरडली. सगळे हसले.

दुसरी रिक्षा गेली. पोर पुन्हा रडले. आता कोणी हसले नाही. सारेलाने हुआनेचे पान घडी करून बाजूला ठेवले, बोटे पुसली.

"घर छान आहे, रोसबेल. सवय जुनीच. कीबोर्डवाल्याला उद्या तालमीला बोलावते."

"जाऊ नका, सेन्योरा. मला एकदा उघडून बघू द्या."

स्क्रू काढले, झाकण निघाले आणि रोसबेलला दोष लगेच दिसला. पत्रा हवेतला खरखराट अडवतो, पण गिटारची वायर खुपसतात त्या खोबणीची धातूची कडी उघड्या पत्र्याला टेकली, डबा आणि पट्टी एकमेकांना जोडली गेली, तरच. नाहीतर तो नुसता दिखाऊ डबा. इथे कडी टेकली होती टोपीवर. भट्टीत भाजलेल्या रंगातून वीज जात नाही. झाकण बसते त्या कडेलाही तोच रंग.

त्याने खिशातून चाकू काढला. मग वाग्नेरकडे पाहिले आणि चाकू परत ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणत चाकू कोण काढतं, कोंपाद्रे?"

रोसबेलने सांगितले. आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला, तरी अख्ख्या अंगणाने ऐकले.

"खरवडणार?" वाग्नेर म्हणाला. "टोपी? अरे, अख्खी दुपार गेली त्या टोपीत! टोपी काढली की त्याच्या डोक्यावरचं श्वासाचं भोक दिसणार, आणि भोक दिसलं की सगळ्यांना कळणार हा माणूस नव्हे, डॉल्फिन आहे. मग नाचायला कोण घेईल त्याला? आणि माझ्यासमोर, बाप्तिस्म्याच्या दिवशी, माझी भेट खरवडणार?"

रोसबेल खाली मान घालून बसला. खरवडले तर कोंपाद्रेचा अपमान. न खरवडले तर सान हुआनला मागची जागा. सारेला उठून चपला शोधू लागली.

इसोलिना टोपलीपाशी हुआने सोडत होती. वर न बघताच म्हणाली, "टोपी काढल्याशिवाय जावळ कसं काढणार?"

सगळे तिच्याकडे वळले.

"बाप्तिस्मा झाला ना? मग जावळ राहिलंय. पोराच्या डोक्यावर किती झालंय बघा, म्हणून तर ऐकू येत नाही त्याला. पहिली बट पाद्रिनोची असते. का तुमचा मान मासेवालीला देऊ, वाग्नेर?"

"मी तयार आहे," मासेवाली म्हणाली.

वाग्नेरने तिच्याकडे पाहिले, डब्यात पाहिले, रोसबेलकडे पाहिले. मग हात पुढे केला. रोसबेलने चाकू दिला.

"चाकू काय देतोस? वाकडंतिकडं होईल. थांब."

तो कुंपण ओलांडून गेला आणि रंग काढायची स्वतःची पाती घेऊन आला. खोबणीचा नट बाजूला केला, जीभ दातांत धरली आणि भोकाभोवती कडीच्या मापाचे गोल रिंगण इतके नेटके काढले, की टोपीची कड तेवढी उडाली, डॉल्फिनचे कपाळही दुखले नसेल. खाली पत्रा चमकला.

"पहिली बट," वाग्नेर म्हणाला. त्याने पाती पुढे दिली.

मग रिवाजाप्रमाणे बाकीचे. झाकणाच्या कडेवर एकेकाने थोडे थोडे खरवडले. मासेवालीने जरा जास्तच घेतले. तिला ओरडा बसला. शेवटी पाती सारेलासमोर आली.

"मी कशाला?"

"सगळ्यांनी एक बट कापायची असते, सेन्योरा," इसोलिना म्हणाली. "आणि जो कापतो तो पोराला काहीतरी देतो."

"मी काय देणार?"

"आधी ऐका. मग द्या."

सारेलाने उरलेला कोपरा खरवडला. रोसबेलने नट आवळला, झाकण बसवले, गिटार अडकवली. आता अंगणात सगळ्यांना रिक्षा हवी होती आणि नेमकी एकही येईना. वाग्नेरने स्वतःची रिक्षा ढकलत आणली, स्पीकरला चिकटवून उभी केली आणि किक मारली. रोसबेल वाजवू लागला. इंजिन धडधडत होते, धूर हुआनेच्या टोपलीवर जात होता. सारेला वाकली आणि तिने कान स्पीकरला लावला. वाग्नेरने मूठ पिळली. स्पीकरमधून 'तर्रर्र' काही आले नाही.

"बंद कर रे ती रिक्षा!" सारेला ओरडली. "गाणं ऐकू येत नाही."

रिक्षा बंद झाली. उरली फक्त गिटार, नदीपार जाऊन येणारी.

"बरं," ती सरळ होत म्हणाली. "पोराला माझ्याकडून मधली जागा. त्याच्या बापानेही तिथेच उभं राहावं, नाहीतर खटका कोण दाबणार?"

वाग्नेरने जमिनीवर पडलेले रंगाचे तुकडे कागदात गोळा केले, पुडी बांधली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग डबा पुन्हा मागितला, फक्त एका संध्याकाळपुरता.

सान हुआनला नदीकाठी रिक्षांची रांग लागली होती आणि रोसबेल मधोमध उभा होता. पायाशी हुआनितो, त्या दिवशी एकदाही न गुरगुरलेला. त्याच्या नावातल्या पहिल्या अक्षरावर आता एक लहानशी टोपी होती. बाहेरच्या बाजूला, जिथल्या रंगाला वीज हरकत घेत नाही.