वळताना बंद पडणारी गाडी

सुदेशला अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी रेडीच्या बंदरात माल भरणं जोरात होतं. तो तिथे फिटर होता. दुपारच्या पाळीत हातातला पाना खाली पडला आणि मग तोही. इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे झाले होते, आणि तोंडात एकच शब्द उरला होता, ‘व्हय’. पाणी हवं असलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय. प्रेमलता, त्याची बायको, त्याच्या मानेकडे बघून अर्थ लावायची. मान आडवी हलली की नको.

लोक येऊन बसायचे, प्रेमलताकडे बघून डोळे पुसायचे. ती चहा करायची. तिला रडू आलंच नव्हतं. सकाळी उठायचं, त्याला उठवायचं, पुसायचं, बसवायचं, हातापायांचे व्यायाम घ्यायचे. बोटं एकेक करून उघडायची आणि मिटायची. त्या बोटांना काही कळत नव्हतं आणि तिलाही काही होत नव्हतं.

पडवीत त्याची गाडी होती. जुनी टू-स्ट्रोक, पण त्याने स्वतः कापून-जोडून मातीवरच्या शर्यतीसाठी बनवलेली. उंच मडगार्ड, दात्यांचे टायर, दिव्याच्या जागी नंबराची पाटी. गोव्यात, बेळगावात, कोल्हापुरात जाऊन तो शर्यती खेळून यायचा आणि प्रेमलता त्याचे मातीने भरलेले कपडे विहिरीवर धुवायची. गाडीला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आता ती पडून गंजणार, म्हणून तिने विकायची ठरवली. शिरोड्याचा समर्थ, सुदेशबरोबर शर्यतीत उतरणारा मुलगा, घ्यायला तयार होता. तो येऊन गाडीवर बसला, अंगणातून निघाला आणि दगडी गडग्याजवळच्या वळणावर गाडी बंद पडली. पुन्हा किक मारली, चालू झाली. रस्त्यापर्यंत नीट गेली, परत येताना पुन्हा बंद.

“काकी, गाडी बरी आसा,” तो म्हणाला, “पण भरवसो नाय. शर्यतीत मधीच बंद पडली तर मागचो माझ्या अंगार येयत. आधी दुरुस्त करून घ्या, मगे मी नेतंय.”

सुदेश खुर्चीत बसून ऐकत होता. “व्हय,” तो म्हणाला. मान आडवी हलत होती.

नाक्यावरच्या बाबली मेस्त्रीने गाडी टेम्पोत घालून नेली. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, आणि तशीच परत आणून पडवीत लावली.

“वयनी, माझ्याकडे स्टँडवर तासभर चलली. एकदाय बंद पडाक नाय,” तो म्हणाला. “जा दिसत नाय ता मी कसा दुरुस्त करू? बंद पडली काय माका बोलवा.”

त्यानंतर प्रेमलताने रोज सकाळी गाडी चालू करायला सुरुवात केली. कशासाठी, ते तिने स्वतःला विचारलं नाही. व्यायाम झाले की सुदेशची खुर्ची गाडीच्या बाजूला ओढायची, मॅक्सीचा घेर खोचायचा आणि किक मारायची. गाडी फटफटत उभी राहायची. दोघं ऐकत बसायची. धूर पडवीभर व्हायचा. बंद पडायचीच नाही. शेवटी तीच बटण दाबून बंद करायची आणि भात टाकायला आत जायची.

सुदेश डाव्या हाताने काहीतरी दाखवायचा. ती टाकीवर बोट ठेवायची. “ह्या?”

“व्हय.” मान आडवी.

ती प्लगवर बोट ठेवायची. “मगे ह्या?”

“व्हय, व्हय.” मान आडवी. तोंड लाल व्हायचं, लाळ गळायची. ती पुसायची. एकदा प्लग काढून, इंजिनाला टेकवून तिने किक मारली, त्याने पूर्वी करताना बघितलं होतं तसं. निळी ठिणगी स्वच्छ दिसली. “पेटता तर आसा,” ती म्हणाली. त्याने डोळे मिटून घेतले.

एका सकाळी तिच्याकडून त्याची खुर्ची जरा जास्तच पुढे ओढली गेली. गाडी चालू होती. सुदेशने डावा हात उचलला आणि हँडलची मूठ धरली. हात फार वेळ उचललेला राहत नसे. तो जड होऊन खाली येऊ लागला आणि हँडल त्याच्याकडे, डावीकडे वळत गेलं. पार टोकाला गेलं आणि गाडी बंद पडली.



प्रेमलताने हँडल सरळ केलं, किक मारली. चालू. मग तिने स्वतःच हँडल उजवीकडे वळवलं. चालूच. डावीकडे टोकापर्यंत नेलं. बंद. पुन्हा केलं. पुन्हा बंद.

“वळतानाच बंद पडत होती,” ती म्हणाली. “बाबलीकडे सरळ उभी होती ती.”

“व्हय,” सुदेश म्हणाला. या वेळी मान हललीच नाही.

नंबराची पाटी काढून तिने आत बघितलं. हँडलच्या बटणापासून येणारी काळी वायर फ्रेमच्या मानेला घासून सोलवटली होती, आतली तांब्याची तार चकाकत होती. बाबली आला तेव्हा त्याने ते बघून कपाळाला हात लावला.

“ह्या बटणाची वायर, वयनी. लोखंडाक लागली काय ठिणगी बंद. हँडल वळला काय ताणता आणि टेकता. गाडीक वाटता कोणी बटण दाबल्यान.” त्याने वायरला टेप गुंडाळली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि ती फ्रेमपासून दूर बांधली. “कोणाक सापडला?”

“त्यांका,” प्रेमलता म्हणाली.

ते खरं होतं की नाही, तिला कधीच कळलं नाही. त्याला ती वायर माहीत असेल. किंवा त्याला फक्त हँडल धरायचं असेल. तिने त्याला विचारून बघितलं. तो व्हय म्हणाला.

रविवारी समर्थ आला. अंगणातच गोल फिरून बघितलं, डावीकडून, उजवीकडून. मग निघताना तो सुदेशच्या पाया पडला. गाडी गडग्याचं वळण घेऊन रस्त्याला लागली, चढ चढली, आवाज लहान लहान होत गेला आणि कुठेच तुटला नाही.

सुदेश रडू लागला. अर्धंच तोंड रडत होतं, दुसरं तसंच होतं. प्रेमलताने त्याचं डोकं पोटाशी धरलं. तिला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. ती थांबली. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, तिच्या हाताला पेट्रोलचा. तेवढंच तिला कळत होतं.

मग तिने हात साबणाने धुतले आणि ताट वाढून आणलं. बांगड्याचे काटे काढून त्याला भरवलं. तो जेवला. मग तीही जेवली.