हरभऱ्याएवढा घास

"मुंजाबा, हे सांगितलं तर कुणी इस्वास ठेवणार नाय," कडूबा बाजेवर टेकत म्हणाला, "पण काल मी दीड चमचा वरण खाल्लं आन् दिवस मावळेपर्यंत ढेकरा देत बसलो. त्यातली एक ढेकर तर अशी आली, की पल्याडच्या शिवारात चालू ट्रॅक्टर बंद पडला."

"व्हय," मुंजाबा म्हणाला.

तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. दिवाळी सरली की मुंजाबा मेंढरं घेऊन फुलंब्रीला उतरायचा आणि मका निघालेल्या कडूबाच्या रानात ती बसवायचा. रानाला खत मिळायचं, मेंढरांना पाला मिळायचा, आणि मुंजाबाच्या वाट्याला रोज दुपारी एक गोष्ट यायची. बहुतेक गोष्टी खाण्याच्याच. एका लग्नात कडूबानं बुंदीची परात एकट्यानं संपवली, तेव्हा आचारी जो पळाला तो थेट किराणा दुकान टाकूनच थांबला. फर्दापूरच्या धाब्यावर कडूबा जेवायला बसला, तर लेणी बघायला आलेले गोरे पाहुणे लेणी सोडून त्याच्याच भोवती उभे राहिले. मुंजाबा हे सगळं ऐकून घ्यायचा, हातातल्या लोकरीला पीळ द्यायचा आणि "व्हय" म्हणायचा. ते खरं मानतो की खोटं, हे कडूबानं कधी विचारलं नाही. व्हय म्हणणारा माणूस समोर आहे, एवढं त्याला पुरे होतं.

या साली मात्र कारभार उलटा झाला होता. आजवर कडूबा खाल्लेलं वाढवून सांगायचा. आता तो न खाल्लेलं खाल्लं म्हणून सांगत होता. कालचं ते दीड चमचा वरणसुद्धा त्यानं खाल्लं नव्हतं.

दिवाळीच्या आधी कडूबाचं वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो होतं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, आणि झोपेत श्वास अडकायचा तो असा, की त्याची बायको आवडाबाई शेजारी उठून बसायची आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत स्वतःचाही धरून ठेवायची. शेवटी तिनंच त्याला संभाजीनगरला, क्रांती चौकाच्या पुढं एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग कापून काढला. उरलं ते केळ्याएवढं. गावात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. जेवणात ज्यानं चार तालुक्यांत नाव कमावलं त्यानं पोट कापून घेतलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पहिले पंधरा दिवस ताक आणि डाळीचं पाणी. पुढचे पंधरा दिवस सगळं मिक्सरमधून काढलेलं. ते त्यानं निमूट निभावलं, कारण चावायचं काम मिक्सरनं आधीच उरकलेलं असायचं. मग दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी फ्रिजवर लावायला तक्ता दिला. आता मऊ, पण घट्ट खाणं चालू करायचं: उकडलेलं अंडं, पनीर, वरणात कुस्करलेली भाकरी. घास हरभऱ्याएवढा. तीस वेळा चावायचा. सोबत पाणी प्यायचं नाही. दाणेदार, चिवट काही महिना दोन महिने नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात हुरडा आला.

कडूबाच्या रानात दर साली हुरड्याला पाहुणे यायचे. आवडाबाईचा भाऊ कारभारी शहरातून माणसं घेऊन आला होता. आगटीत कणसं भाजली, गरम गरम हातावर चोळली, चटणी आली, गूळ आला, दही आलं. पण हात कुणी लावेना. या घराचा दस्तूर असा, की पहिली मूठ मालकाची. मालकानं तोंडात टाकल्याशिवाय पाहुणा दाणा उचलत नाही.

"काय दाजी, उपास धरला का?" कारभारी म्हणाला. "गेल्या साली तुमच्यापायी आम्हाला नुसती धाटं राहिली होती."

"घेतो ना. तुमच्यासाठी थांबलो होतो."

"मग घ्या. का बहिणीनं हात बांधून ठेवलेत?"

सगळे हसले. आवडाबाई आणखी चटणी वाटायला खोपीत गेली होती. कडूबानं मूठ भरली, हिरवे दाणे तोंडात टाकले, जुन्या सवयीनं दोनदा चावले आणि गिळले.

घास छातीच्या मधोमध थांबला. पुढं जाईना, मागं येईना. आतून कुणी लाकडी पाचर ठोकावी तसं झालं. तोंडात पाणी दाटलं, पाण्याचा फेस झाला, पाठीला घाम फुटला. श्वास चालू होता, पण मरण असंच येत असणार अशी त्याची खात्री झाली. हसू न सोडता तो उठला, कडब्याच्या गंजीमागं गेला आणि गुडघे टेकून कितीतरी वेळ नुसता फेस ओकत राहिला. शेवटी दाणे आले. परत आला तेव्हा डोळे लालभडक.

"दाजी, कुठं गेलते?"

"रानडुक्कर आलं होतं. म्हशीएवढं. कान धरून वढ्यापर्यंत नेऊन सोडलं. लई धूळ उडवली हरामखोरानं, डोळ्यात गेली."

हशा झाला. हुरडा रंगला. आणि त्या दिवसापासून कडूबाच्या नरड्याला जणू कुलूप लागलं. घास तोंडात घेतला, की छातीतली ती पाचर आठवायची आणि गळा आवळायचा. ताक उतरायचं. त्यापलीकडं काही नाही.

आवडाबाईला हे सांगणं सोपं होतं. पण सांगायचं म्हणजे हुरड्याचंही सांगावं लागलं असतं, आणि तिनं तर हात जोडून सांगितलं होतं, पाहुण्यांना माझं नाव सांगा पण मूठ उचलू नका. म्हणून त्यानं निराळी हिकमत काढली. "घरात येणारे जाणारे लई. रानात निवांत चावून खातो," असं म्हणून तो डबा रानात न्यायला लागला. डबा मुंजाबाच्या कुत्र्याला जायचा. तीन आठवड्यांत ते कुत्रं असं तुकतुकीत झालं, की त्याला बघून मेंढरं वाट सोडून उभी राहायची.

आवडाबाई कधी रानात आलीच तर विचारायची, "मुंजाबा, खाल्लं का रे ह्यांनी?"

"व्हय वैनी."

इकडं कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. उठून उभं राहिलं की रान गरगर फिरायचं. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि घोट्यापर्यंत चढल्या. आवडाबाईनं त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, पण तोंडावर हसू नव्हतं. "काय काय खाता, आबा?"

"रोज एक अंडं. वाटीभर वरण. पनीर तर आता पनीरवालाच माझ्याकडून उसनं नेतो."

"उलटी?"

"नाव नाही."

डॉक्टरनं कागद पुन्हा पाहिले. इंजेक्शन दिलं. म्हणाला, एवढं खाऊन, काही बाहेर न पडता माणूस असा उतरत असेल, तर आत काहीतरी बिघडलंय. सोमवारी भरती व्हा. दुर्बीण घालून बघू, आणि लागलं तर पोट पुन्हा उघडू. पायाच्या मुंग्या वर सरकायला लागल्या तर चालणंही जाईल, वेळ घालवू नका.

कडूबानं तोंड उघडलं. आता सांगावं, साहेब मी खातच नाही. पण आवडाबाई शेजारी बसली होती, आणि तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तोंड पुन्हा मिटलं. परतीच्या गाडीत ती एकच वाक्य बोलली. "मी एवढं करून घालते, आणि तुमच्या अंगाला लागत नाही. माझ्याच हाताला काही झालंय का?"

ते वाक्य चार दिवस कडूबाच्या कानात होतं. सोमवारी डॉक्टर पोट उघडणार, एवढं मात्र त्यानं मुंजाबाला सांगून टाकलं होतं.

रविवारी दुपारी तो रानात आला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं. आज एक घास गिळायचा. एक गिळला तर दुसरा गिळता येईल, दुसरा गिळला तर डॉक्टरला फोन करून सगळं सांगता येईल. खाल्लेल्या माणसाला खरं बोलायला हिंमत होते, उपाशी माणसाला होत नाही, असा त्याचा हिशेब. बाजेवर बसून त्यानं डबा उघडला. कुत्रं आलं. त्यानं त्याला हाकललं. कुत्र्याला हे नवीन होतं, ते लांब जाऊन बसलं आणि बघत राहिलं.

मुंजाबा बांधावर लोकर पिळत होता. कडूबानं अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तोडला. जिभेवर ठेवला. मोजायला लागला. दहा झाले. वीस झाले. तिसाव्याला अंड्याचं नुसतं पाणी झालं होतं. गिळ, तो स्वतःला म्हणाला. गळा आवळला. चाळीस. पन्नास. छातीत काही अडकलेलं नसताना ती पाचर तिथं होती.

खिशातला फोन वाजला. त्यानं घास जिभेनं गालात सारला. कान अधू असल्यानं तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकायचा.

"खाल्लं का?" आवडाबाई. "उद्याची पिशवी भरून ठेवलीय मी. दोन चादरी घेतल्यात. खाल्लं का तुम्ही?"

"खाल्लं म्हणजे!" कडूबाला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "अख्खं अंडं खाल्लं. असं गेलं, असं गेलं, की जणू घसरगुंडीवरनं उतरलं. वर भाकरी मागणार होतो, पण म्हणलं नको, नादात डबाबी चावून खायचो."

तिकडून हसू आलं नाही. "खरंच?"

"इस्वास नसंल तर मुंजाबाला इचार. समोरच हाय." आणि त्यानं फोन पुढं केला.

मुंजाबानं लोकर खाली ठेवली. उठून जवळ आला. फोन हातात घेतला, पण बघत राहिला कडूबाच्या गळ्याकडं. कडूबा डोळ्यांनी म्हणाला, म्हण. तीस वर्षं म्हणत आलास, आणखी एकदा म्हण.

"नाय वैनी," मुंजाबा म्हणाला. "मालक खोटं बोलत्यात. घास गालात हाय त्यांच्या. आजारी मेंढरू चारा चावतं पर गिळत नाय, तवा आमी त्याचा गळा बघतो. मालकाचा गळा मी तीन हप्ते बघतोय, हुरड्याच्या दिसापासनं एक घास खाली गेला नाय. त्यांस्नी भ्या वाटतं गिळायचं. समदं कुत्र्यानं खाल्लं, आन् तुमी इचारलं तवा मी बी खोटंच बोललो. आत्ताच्या आत्ता डाक्टरला फोन लावा आन् म्हणावं, पोट नका फाडू, माणूस उपाशी हाय."