वाडग्याचा मेंदू

मंगळवारी सकाळी दहा वाजता किरगिझस्तानातल्या उझगेनजवळच्या एका वस्तीत सापारबेक वैदूने चार महिन्यांच्या एलीमचा मेंदू जागेवर बसवला. पन्नासेक माणसांनी तो डोळ्यांनी पाहिला. मेंदू नव्हे, लोकरीचा दोरा.

घोड्यावरून पडलेल्याचं डोकं दोऱ्याने मोजायची रीत इथे जुनी. कपाळाच्या मध्यापासून मानेच्या खळगीपर्यंत, एकदा डाव्या कानावरून, एकदा उजव्या. जी बाजू लांब भरेल तिकडे मेंदू सरकला. फडकं आवळून तो परत ढकलायचा. एलीम घोड्यावरून पडला नव्हता. जन्मताना नाळ दबली आणि बारा मिनिटं त्याला श्वास नव्हता. सापारबेकची त्यावरही तयारी होती. आईच्या पोटातून बाहेर येणं हेच पहिलं पडणं, तो म्हणाला, त्यात सुईणीनं हिसका दिला.

ती सुईण, बुर्माकान, गर्दीच्या मागेच उभी होती. तिला हिसक्याची पर्वा नव्हती. वैदूच्या सांगण्यावरून आईने, ऐझादाने, झटक्यांचं औषध रविवारपासून थांबवलं होतं, हे तिला आत्ताच कळलं होतं.

डावीकडे दोरा बोटभर जास्त भरला. वैदूने फडकं आवळलं, काहीतरी पुटपुटत तीनदा थुंकून पुन्हा मोजलं. दोन्ही बाजू सारख्या. बायकांनी दुआ मागून तोंडावरून हात फिरवले.

बुर्माकानने जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरचा कातीव लाकडी वाडगा उचलून पालथा घातला. "सापारबेक, याचंही जरा बघ."

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "वाडग्याला मेंदू नसतो."

"मग तुझं काम सोपंच झालं."

वैदूने दोरा खिशाकडे नेला. तो तिने मधेच काढून घेतला आणि ऐझादाच्या हातात दिला. "तूच मोज गं. डावीकडे सैल धर, उजवीकडे ताण."

ऐझादाने मोजलं. डावी बाजू बोटभर जास्त. मग उजवीकडे सैल धरून डावीकडे ताणलं, तर उजवी जास्त.

"वाडगाही घोड्यावरून पडलाय वाटतं," मागून एक म्हातारा म्हणाला.

ऐझादा हसली नाही. "पण एजे, जन्मल्यावर पहिल्या दिवशी त्याला एकही झटका नव्हता. मग नंतर कुठून आले?"

"श्वास थांबला तेव्हा काही पेशी मेल्या. रक्त पुन्हा वाहिलं तशा उरलेल्या सावरल्यासारख्या झाल्या, आणि काही तासांनी त्यातल्याही बऱ्याच कोसळल्या. मेंदू सरकला नाही गं. त्याचा काही भाग गेला."

"आणि हिसका?"

"हिसका नव्हता. नाळ दबलीय हे मला उशिरा कळलं. तसं मीच दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलंय."

"गेलेला भाग परत येईल?"

"नाही. उरलेला शिकेल, किती ते कुणी सांगू शकत नाही. पण लांबलेले झटके त्या उरलेल्यालाही खातील. औषध त्यासाठी आहे."

बरं करणाऱ्याच्याच हातात मोजायचा दोरा असेल, तर निकाल त्याच्या बोटांत असतो. दोरा मागून घ्यावा आणि स्वतः मोजावं. त्याला विद्या लागत नाही, वाडगा पुरतो.

सापारबेक दुपारच्या आत शेजारच्या वस्तीत गेला. तिथेही एक आजारी मूल आहे. बुर्माकानने डॉक्टरांना फोन लावून मात्रा विचारली आणि अकरा चाळीसला ऐझादाने औषध पाजलं. पाचपर्यंत एलीमला दोन झटके आले. तिसरा अजून आलेला नाही.